सारसाला तुमच्या प्रेमकहाणीतून सोडा

प्री-वेडिंगचा व्हिडिओ असो की साखरपुड्याचं स्टेटस, हल्ली मध्येच कुठूनतरी सारसाची जोडी उगवते. खाली ओळ ठरलेली: एक मेला की दुसरा अन्नपाणी सोडून जीव देतो. माझं गाव दवनीवाडा, गोंदिया जिल्ह्यातलं. महाराष्ट्रातले उरलेसुरले सारस जवळजवळ सगळे याच जिल्ह्यात आहेत. त्यामुळे ऑफिसातलं कुणीतरी ती रील मला पाठवतं आणि विचारतं, "तुमच्याकडचाच ना हा?"

हो, आमच्याकडचाच. आणि गोष्ट खोटी आहे.

सारस वर्षानुवर्षं जोडीने राहतो, हे खरं. पण जोडीदार गेला तर मागे राहिलेला नवा जोडीदार करू शकतो, करतोही. त्याहून गंमत म्हणजे उत्तर प्रदेशात काम करणाऱ्या अभ्यासकांना तिघांचे संसार सापडले. कुठे दोन माद्या आणि एक नर, कुठे दोन नर आणि एक मादी. जोडी जशी एका सुरात हाक देते, तशी हे तिघं मिळून देतात. २०२२ साली हे प्रसिद्ध झालं. अशी त्रिकुटं मोजकीच, आणि तीही मुख्यतः जिथे पिल्लं वाढवणं कठीण अशा जागी दिसली. म्हणजे परिस्थिती बिकट झाली की हा पक्षी घराची रचना बदलतो. मला तरी हे उपाशी मरण्यापेक्षा जास्त भारी वाटतं.

आता ती प्रसिद्ध हाक. नराच्या एका लांब हाकेला मादीच्या दोन-तीन छोट्या हाका, माना वर, चोची आभाळाकडे. दूरवर ऐकू जाते. आपण त्याला प्रेमगीत म्हणतो. त्यात जोडीचं नातं आहेच, पण शेजारच्या सारसांना दिलेली ताकीदही आहे: ही जागा आमची. तो त्यांचा सातबारा आहे, रोज मोठ्याने वाचलेला. आपला सारस स्थलांतर करत नाही. तीच पाणथळ जागा, त्याच धानाच्या बांध्या धरून जोडी राहते. पावसाळ्यात पाण्यात गवत-काड्यांचा मोठा ढीग रचून बहुधा दोन अंडी घालते, दोघं आळीपाळीने महिनाभर उबवतात. निष्ठाच शोधायची असेल तर ती जमिनीवर आहे.

बादशहा जहांगीरने पाळलेल्या जोडीची नावं लैला-मजनू ठेवली होती. पण पठ्ठ्याने अंडी कधी घातली, त्यांच्यावर कोण कधी बसलं, याच्याही नोंदी केल्या. आपण फक्त नावं उचलली.

माझा राग इथे आहे. प्रेमाची गोष्ट सांगितली की कुणालाच काही करावं लागत नाही. जमिनीची सांगितली की प्रश्न येतात. तलाव बेशरमीने का भरला? फवारणीचं पाणी कुठे जातं? आणि शेतावरून लोंबणाऱ्या विजेच्या तारांचं काय? सहा फुटांच्या आसपास उंची, उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यात उंच. एवढं अंग घेऊन उडताना ऐनवेळी वळता येत नाही. आमच्याकडे सारस तारांमुळे मेलेत. २०२० च्या गणनेत जिल्ह्यात चाळीसच्या वर सारस होते, पुढच्या काही वर्षांत आकडा तिशीपर्यंत उतरला. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली, तेव्हा कुठे सरकारी कागद हलले.

कुणी म्हणेल, त्या गोष्टीमुळेच तर लोक सारसाला दगड मारत नाहीत. मान्य. जोडी फोडली तर पाप लागतं, ही भावना गावोगाव आहे आणि तिने पक्षी वाचवलाही आहे. पण तारेला पाप लागत नाही. कीटकनाशकाच्या डब्यालाही नाही.

आणि ज्याच्या बांधीत घरटं होतं, तो शेतकरी तुमच्या रीलमध्ये कुठेच नसतो. रोवणी झालेल्या धानातला एक तुकडा सारस आडवा करतो. निंदणाला आलेल्या बायांना तो कोपरा सोडायला सांगावं लागतं, कुत्री हाकलावी लागतात, घरटं बघायला आलेल्या कॅमेरेवाल्यांनाही. पुढची रील टाकाल तेव्हा एवढंच विचारा: त्या कोपऱ्यातल्या धानाचे पैसे त्याला कोण देणार?