खेळाची गति आणि घरचा संगणक

मुलांच्या परीक्षा आटोपल्या, नाशकांत ऊन तापूं लागलें, आणि आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलला. लोणचीं, मुंजी आणि आरोग्य हे विषय मागें पडून आतां जो तो एकच विचारतो : संगणकावरील खेळ अधिक वेगानें चालावे म्हणून प्रोसेसरला वळण लावणारें सॉफ्टवेअर मिळतें, तें घ्यावें कीं न घ्यावें? पंचवटींतील एका गृहस्थांनीं तर हिशेबच मांडिला आहे. "चिरंजीव नव्या यंत्रासाठीं लाख रुपये मागतात. सॉफ्टवेअर फुकट आहे. मग अडचण कोणती?" अडचण आहे, आणि ती आम्ही पुस्तकांतून नव्हे, तर आमच्याच घरांत शिकलों.

प्रथम या गतीचा अर्थ पाहूं. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेले दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' दाखविला व त्यानंतर आपला चित्रपटांचा कारखाना नाशकास आणिला, हें नाशिककर अजून अभिमानानें सांगतात. त्या काळच्या मूकपटांत हातानें दांडा फिरवून सेकंदास सुमारें सोळा चित्रें डोळ्यांपुढून सरकत, आणि तेवढ्यानें माणसें चालतांना दिसत. परंतु तीं चित्रें आधींच तयार असत. संगणकाच्या खेळांत एकही चित्र तयार नसतें. मुलानें बोट हालविलें कीं नायक कोठें उभा, बाण कोणास लागला, भिंत पडली कीं नाहीं, याचा हिशेब त्या क्षणीं करून नवें चित्र काढावें लागतें. सेकंदास साठ चित्रें हवीं असतील तर एका चित्रास सेकंदाचा साठावा भाग मिळतो. हौशी खेळाडूंचे पडदे १४४ चित्रें मागतात, तेथें तर सेकंदाचे सात सहस्रांशही पुरे मिळत नाहींत. मध्येंच एका चित्रास उशीर झाला तर सरासरी कितीही चांगली असो, डोळ्यास हिसका जाणवतोच. यांतील हिशेब प्रोसेसर करितो आणि रंगकाम ग्राफिक्स कार्ड करितें. ही वाटणी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

आतां सॉफ्टवेअर यांत काय करूं शकतें? प्रोसेसरच्या आंत अनेक 'कोअर' असतात. काम करणारे हात म्हणाना. पूर्वीं घरगुती संगणकांत हे हात बहुधा एकसारखे असत, त्यामुळें कोणास कोणतें काम दिलें यानें फारसें बिघडत नसे. २०२१ च्या नोव्हेंबरांत इंटेल कंपनीनें बाराव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर विकावयास काढले, त्यांत दोन प्रकारचे हात आले : कांहीं दणकट व जलद, कांहीं लहान पण थोड्या विजेवर राबणारे. मुंजीच्या घरीं पुरणपोळ्या सुगरणीकडे आणि शेंगा सोलणें पोरांकडे, अशी वाटणी असते. ती उलटी झाली तर शेंगा वेळेपूर्वींच सोलून होतात आणि पंगत मात्र पोळीसाठीं ताटकळते. संगणकांतील कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. कोणतें काम पोळीचें आणि कोणतें शेंगांचें, हें तिला बाहेरून नेमकें कळत नाहीं. प्रोसेसर तिला खुणा करितो, पण कांहीं खेळांत त्या खुणांनींही भागत नाहीं. म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरांत चौदाव्या पिढीबरोबर इंटेलनें 'ॲप्लिकेशन ऑप्टिमायझेशन' नांवाची सोय आणिली. ती प्रथम दोनच खेळांपुरती होती, 'रेनबो सिक्स सीज' आणि 'मेट्रो एक्झोडस'. एवढी मोठी कंपनी, आणि खेळ दोन! पण प्रत्येक खेळाचीं कामें निराळीं. तीं एकेक तपासून कोणतें कोणत्या हातीं द्यावें हें ठरवावें लागतें. पुढें ही यादी वाढली, तरी ती यादीच राहिली. सर्व खेळांस लागू पडणारा मंत्र झाली नाहीं.

एएमडी कंपनीची गोष्ट याहून गंमतीची आहे. तिच्या २०२३ सालच्या 'रायझेन ९ ७९५०एक्सथ्रीडी' या प्रोसेसरांत सोळा कोअर आठ-आठांच्या दोन गटांत आहेत. एका गटाजवळ ९६ मेगाबाइटची कॅश आहे, दुसऱ्याजवळ ३२ मेगाबाइटची. कॅश म्हणजे चुलीशेजारचा मिसळणाचा डबा; रॅम म्हणजे कोठीघर. डब्यांत आहे तें हात लांबवून मिळतें, कोठीघरापर्यंत उठून जावें लागलें कीं फोडणी करपते. पुष्कळ खेळांस मोठा डबाच मानवतो. म्हणून पडद्यावर खेळ सुरू झाला असें दिसतांच कंपनीचें सॉफ्टवेअर विंडोजच्या मदतीनें काम मोठ्या डब्याच्या गटाकडे वळवितें आणि दुसऱ्या आठ जणांस झोंपवितें. अर्धे हात स्वस्थ बसवून वेग वाढतो, हें आम्हांस प्रथम खरेंच वाटेना. दोन स्वयंपाकघरांत मिळून एकच स्वयंपाक करून पाहिलेल्या गृहिणीस मात्र याचें नवल वाटणार नाहीं.

तेव्हां खरें सॉफ्टवेअर नवी शक्ति निर्माण करीत नाहीं. तें आहे त्या शक्तीची वाटणी सुधारितें, आणि तीही मुख्यतः जेथें हात असमान आहेत तेथें. 'एका कळीनें दुप्पट वेग' अशी जाहिरात करणारीं जीं फुकट मिळतात, त्यांची रीत वेगळी. तीं रॅम मोकळी करितात, खेळास रांगेंत पुढें बसवितात, आणि मागें चाललेलीं इतर कामें बंद पाडितात. यांतलें जें उपयोगाचें, तें पुष्कळसें विंडोजमधील 'गेम मोड' २०१७ पासून आपणच करीत आहे. लिनक्स वापरणाऱ्यांस फेरल कंपनीचें 'गेममोड' २०१८ पासून आहे. राहिलें इतर कामें बंद पाडणें, आणि तेथेंच आम्ही फसलों.

आमच्या घरीं आठ माणसांत एक संगणक. बराच जुना; त्याचे चारही कोअर सारखे, ग्राफिक्स कार्ड वेगळें नाहीं, चित्रें काढण्याचें कामही प्रोसेसरच्याच पोटांतील एका भागाकडे. सकाळीं दादांचे हिशेब, दुपारीं वहिनींचें टंकलेखन, रात्रीं धाकट्या बंधूंच्या मुलाचा खेळ. खेळ म्हणजे 'राजी', पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेला. राक्षसांनीं पळविलेल्या धाकट्या भावास शोधीत एक मुलगी दुर्गेच्या कृपेनें लढत निघते, अशी त्याची कथा. मातोश्री एरव्हीं या खेळांस नाक मुरडितात, पण याला मात्र खुर्ची ओढून बसत. अडचण एवढीच कीं चित्र अडखळे, आणि राजीचा त्रिशूळ ऐन वेळीं हवेंत थबके.

गेल्या दिवाळीच्या सुटींत मुलानें कोठूनसें एक फुकटचें सॉफ्टवेअर उतरविलें. त्यानें 'अनावश्यक' म्हणून एक लांब यादी दाखविली आणि सर्व बंद करूं काय, असें विचारिलें. मुलानें होय म्हटलें. सेकंदास एकतीस चित्रें होतीं तीं चौतीस झालीं. त्याला आनंद झाला. आम्हींही त्याची पाठ थोपटली, हें कबूल केलें पाहिजे.

त्या यादींत एक लहानसा प्रोग्रॅम होता. वहिनींच्या फोल्डरची प्रत रोज रात्रीं दुसऱ्या डिस्कवर ठेवावी, एवढेंच त्याचें काम. वहिनी दोन वर्षें आत्याबाईंच्या जात्यावरच्या ओव्या त्यांच्याच आवाजांत ध्वनिमुद्रित करून त्या फोल्डरांत ठेवीत होत्या. सात आठवड्यांनीं एका रात्रीं वीज दोन-तीन वेळां गेली-आली, आणि संगणकाची मूळ डिस्क गेली ती गेलीच. दुसऱ्या डिस्कवर पाहतों तों प्रत त्या सुटीच्या दिवसापर्यंतचीच. पुढच्या अकरा ओव्या नाहींतच.

सॉफ्टवेअर खोटें बोललें नव्हतें. तें काम खेळास अनावश्यकच होतें. दादा मुलावर फार रागावले. वहिनींनीं त्यांना थांबविलें व आम्हांस म्हणाल्या, "भावजी, त्या यादींत माझें नांव असतें तर त्यानें कळ दाबली नसती. तेथें नुसता एक इंग्रजी शब्द होता." पाठ आम्हींच थोपटली होती, तेव्हां आम्हांस बोलावयास जागा नव्हती.

नंतर आम्हीं जें आधीं करावयाचें तें केलें. नवी डिस्क बसविल्यावर खेळाच्या सेटिंगमध्यें चित्राचा आकार आणि बारकावा कमी करून पाहिला. गति एकदम वाढली. याचा अर्थ अडलें होतें तें रंगकाम, हिशेब नव्हे. अशा यंत्रावर हिशेबाची वाटणी सुधारून कांहींच साधत नाहीं. गति जागची हालली नसती तर दोष हिशेबाकडे मानावा लागता. ही परीक्षा दहा मिनिटांची व बिनखर्चाची आहे. पंचवटींतील गृहस्थांनीं लाख रुपयांपूर्वीं ती करावी. मग पेटी उघडली. पंख्यावर धुळीची घोंगडी बसली होती. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळपास तापला कीं स्वतःस वांचविण्यासाठीं आपणच मंद होतो, आणि नाशिकची हवा थंड हा लौकिक एप्रिल-मे महिन्यांत कामाचा नाहीं. पंखा साफ केला. रॅमची एकच पट्टी होती, तिच्या जोडीला तशीच दुसरी बसविली, म्हणजे कोठीघराचें दुसरें दार उघडलें. ग्राफिक्स कार्ड वेगळें नसलेल्या यंत्रांत याचा गुण फार. चौतीसांचीं पन्नासांच्या आसपास झालीं.

एक गोष्ट येथें सांगितलीच पाहिजे. कांहीं सॉफ्टवेअर वाटणीवर न थांबतां प्रोसेसरचा विद्युद्दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढवून त्याला नेमल्या मर्यादेबाहेर पळवितें. दाब जास्त झाल्यानें काय होतें, हें २०२४ सालीं दिसून आलें. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीचे कांहीं डेस्कटॉप प्रोसेसर खेळ चालू असतां दगा देऊं लागले. प्रोसेसर हवा त्याहून अधिक दाब मागत होता, असें कंपनीनें मान्य केलें, सुधारणा काढली आणि हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढविली. आधींच झिजलेला प्रोसेसर त्या सुधारणेनें बरा होत नव्हता. ज्यांनीं यंत्र घडविलें त्यांच्या हातूनही असें होतें, मग कोठूनसें उतरविलेल्या कळीवर आम्हीं तरी भरंवसा ठेवणार नाहीं.

नवा संगणक दिवाळीपर्यंत पुढें ढकलला आहे. मुलगा त्याविषयीं अजून कुरकुरतो, आणि त्याची मागणी सर्वस्वी अयोग्य आहे असेंही आम्हांस वाटत नाहीं. प्रत ठेवण्याचें काम पुन्हां सुरू झालें असून मुलानें त्याला आपल्या हातानें मराठींत 'मोठ्या काकूंच्या ओव्या' असें नांव दिलें आहे. माघांतल्या आजारानंतर आत्याबाईंचा आवाज पूर्वीसारखा राहिलेला नाहीं. तरी रोज दिवेलागणीनंतर त्या ओटीवर येऊन बसतात, आणि मुलगा समोर मोबाइल धरून बोटांवर मोजतो : "आठ झाल्या, आत्याआजी. तीन राहिल्या." नवव्या ओवीची पहिली ओळ त्यांना अजून आठवलेली नाहीं.