अश्वपरीक्षा

माजिवड्यापासून निघून येऊरचे डोंगर डाव्या हातास व खाडी उजव्या हातास ठेवीत जाणाऱ्या रस्त्याचें घोडबंदर हें नांव कसें पडलें, याविषयीं अशी समजूत आहे कीं, पूर्वीं अरबस्तानांतले घोडे गलबतांनीं या बंदरीं उतरत आणि त्यांचा सौदा होई. येथील किल्ला मराठ्यांनीं १७३७ सालीं पोर्तुगीजांपासून घेतला. घोडा पारखणें ही त्या काळीं एक स्वतंत्र विद्या होती. शालिहोत्राच्या व नकुलाच्या नांवावर तिचे संस्कृत ग्रंथ चालत आले आहेत. आज त्याच रस्त्याच्या दुतर्फा उंच इमारती उठल्या आहेत, आणि त्यांतून राहणारीं मध्यम स्थितींतलीं कुटुंबें जुनी मोटार पाहावयास निघतात तेव्हां त्यांच्यापुढें प्रथम येणारा आंकडाहि घोड्यांचाच असतो. अमुक गाडीस इतकी अश्वशक्ति, तमुक गाडीस तितकी. जास्त घोडे ती गाडी चांगली, असा सरळ हिशेब मांडला जातो. हा हिशेब कितपत खरा आहे, हें यावेळीं पाहूं.

माझा पुतण्या कासारवडवलीस राहतो. घरांत तो, सूनबाई, दोन मुलें आणि माझ्या वहिनी. वहिनींचीं मूत्रपिंडें दोन वर्षांपूर्वीं थकलीं. तेव्हांपासून आठवड्यांतून दोनदां त्यांना डायलिसिससाठीं गायमुखाचा घाट ओलांडून मीरा रोडच्या बाजूस न्यावें लागतें. जातांना त्या बऱ्या असतात; येतांना मान टाकून बसतात, आणि नेमक्या त्याच वेळीं काजूपाड्यापासून ट्रकांची रांग लागलेली असते. रिक्षाचे हिसके त्यांना सोसत नाहींत, भाड्याची मोटार दर खेपेस परवडत नाहीं, आणि नव्या मोटारीइतकें द्रव्य घरांत नाहीं. शिल्लक साडेतीन लाखांची; औषधपाण्याची वेळ आली तर तीहि त्यांतूनच भागवावयाची. तेव्हां जुनी मोटार घेणें प्राप्त होतें, आणि ती चुकली तर दुसरी घेण्याची सोय नव्हती.

पुतण्यानें २०१५-१६ च्या सुमाराच्या तीन गाड्या पाहून ठेविल्या होत्या. मारुतीची एक लिटर एंजिनाची वॅगन आर, ह्युंदाईची ग्रँड आय-टेन आणि होंडाची ब्रिओ. पुढच्या दोहोंचें एंजिन सुमारें १.२ लिटरचें. कागदावर वॅगन आरची शक्ति ६८, ग्रँड आय-टेनची ८३ व ब्रिओची ८८. "काका, होंडाच घ्यावी म्हणतों. घाट चढावयाचा तर घोडे जास्तच हवेत," असें तो म्हणाला. मीं त्यास विचारलें, "अरे, ते सगळे घोडे जागे केव्हां होतात, तें वाचलेंस का?"

एक अश्वशक्ति म्हणजे ७५ किलोग्रॅमचें ओझें एका सेकंदांत एक मीटर उचलण्याची शक्ति. ही शक्ति दोन गोष्टींच्या गुणाकारानें होते. एक, एंजिनाचा दांडा किती जोरानें पीळ देतो तें. यास टॉर्क म्हणतात व तो न्यूटन-मीटरांत मोजतात. दुसरी, दांडा मिनिटास किती फेरे घेतो ती. रहाट ओढणाऱ्या बैलाचा जोर निराळा आणि त्याची चाल निराळी. पाणी किती निघेल हें दोहोंवर अवलंबून. टॉर्कास फेऱ्यांनीं गुणून ७,०२४ नें भागलें म्हणजे अश्वशक्ति निघते. शाळेंतला त्रैराशिक येणारा मुलगाहि हें गणित करील.

आतां ब्रिओचे ८८ घोडे मिळतात ते मिनिटास ६,००० फेरे झाल्यावर. घोडबंदर रोडवर ६,००० फेरे कोण करणार? मेट्रोचें काम कित्येक वर्षें या रस्त्याच्या उरावर बसलेलें. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, आनंदनगर अशीं एकामागून एक अडणारीं नाकीं. मग ओवळ्यापुढें अवजड वाहनें. येथें एंजिन बहुतेक वेळ हजार ते दोन हजार फेऱ्यांच्या आंतच राहतें. दोन हजार फेऱ्यांवर प्रत्येक एंजिन आपला कमाल टॉर्क देतें असें उदारपणें मानूं, जरी तसें तें देत नाहीं. वॅगन आरचा कमाल टॉर्क ९०, म्हणून घोडे सुमारें २६. ब्रिओचा १०९, म्हणून ३१. ग्रँड आय-टेनचा ११४, म्हणून ३२. कागदावरील वीस घोड्यांचें अंतर पांच-सहांवर आलें! शिवाय वॅगन आर आपला कमाल टॉर्क ३,५०० फेऱ्यांवर देते, ग्रँड आय-टेन ४,००० वर आणि ब्रिओ ४,५०० वर. ज्याचा जोर उशिरां येतो तें एंजिन खालच्या फेऱ्यांत तुलनेनें सुस्त असावयाचें; मग चालविणारा पाय दाबतो, हाफ क्लचवर गाडी रेटतो, आणि क्लचप्लेट जळूं लागते. त्यांत वातानुकूलन चालू असलें तर त्याचा कंप्रेसरहि एंजिनापासूनच आपला वांटा घेतो. होंडाचें एंजिन वाईट असें मी म्हणत नाहीं. मोकळ्या महामार्गावर तें फार गोड चालतें. पण वहिनींना महामार्गावर हवा खावयास न्यावयाचें नव्हतें.

दुसरा भेद सिलिंडरांचा. वॅगन आरला तीन, बाकी दोहोंस चार. चार धक्क्यांच्या एंजिनांत दांड्याचे दोन पूर्ण फेरे, म्हणजे ७२० अंश, होतात तेव्हां प्रत्येक सिलिंडरांत एकदां स्फोट होतो. चार सिलिंडर असले तर दर १८० अंशांस एक स्फोट, तीन असले तर २४० अंशांस. ठोक्यांतील अंतर वाढलें कीं मंद गतींत कंप जाणवतो. तीन सिलिंडरांचें एंजिन दोन टोकांस आलटून पालटून डोलूंहि पाहतें. गाडी धांवूं लागली म्हणजे हें विसरलें जातें. रांगेंत उभी राहिली कीं आसनांत, दारांत, आणि आजारी माणसाच्या मणक्यांत उतरतें. मात्र तीन सिलिंडरांत घर्षण कमी, वजन कमी व तेल कमी लागतें. १९८३ सालीं आलेल्या मारुती ८०० चें ७९६ घनसेंटिमीटरचें एंजिनहि तीनच सिलिंडरांचें होतें, आणि त्यावर या देशांतील एक अख्खी पिढी लग्नकार्यें उरकून आली.

हे झाले कंपनीच्या कागदावरचे गुण. जुन्या गाडींत त्यांहून महत्त्वाचें असतें तें हें कीं, या विशिष्ट एंजिनाचें आयुष्य कसें गेलें. येथें लोक किलोमीटरांचा आंकडा पाहतात. ठाण्याची ४०,००० किलोमीटर झालेली गाडी ताशीं सरासरी १० किलोमीटरांनीं चालली असें धरा. एंजिन ४,००० तास राबलें. कोल्हापूरकडची ८०,००० किलोमीटर झालेली गाडी ताशीं ५० नें चालली. एंजिन १,६०० तास राबलें. म्हणजे आंकड्यानें दुप्पट म्हातारी दिसणारी ती गाडी एंजिनानें तरुणच! म्हणून घोडबंदर रोडवरच्या गाडींत ऑइल किलोमीटरांवर बदललें कीं महिन्यांवर, हें पावत्यांवरून पाहावें. किलोमीटरांची वाट पाहत दीड-दोन वर्षें तेंच काळें तेल फिरविणाऱ्याची गाडी घेऊं नये.

माझा एक जुना विद्यार्थी मानपाड्यास मोटारदुरुस्तीचा कारखाना चालवितो. त्यास मी बरोबर घेतलें. त्यानें विकणारास आदल्या दिवशीं बजावलें, "आम्ही येईपर्यंत गाडी चालूं करावयाची नाहीं." गेल्याबरोबर त्यानें बॉनेटवर हात ठेवून तें थंड असल्याची खात्री करून घेतली. "सर, गरम एंजिन आपले रोग लपवितें," असें तो मला म्हणाला, आणि हें मला पटलें. थंड एंजिन सुरूं होतांच निळसर धूर आला तर ऑइल जळतें आहे. एंजिन चांगलें तापल्यावरहि पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी सिलिंडरांत शिरत असावें. काळा धूर म्हणजे पेट्रोल वाजवीपेक्षां अधिक. ऑइलच्या टोपणाखालीं दुधाच्या सायीसारखें कांहीं दिसलें तर पाणी व तेल एकत्र होत असण्याचा संशय घ्यावा. मग त्यानें प्रत्येक सिलिंडरांतला दाब यंत्रानें मोजला. एखाद्या सिलिंडराचा आंकडा बाकीच्यांहून फार खालीं असला तर तेथें व्यवहार थांबवावा.

पण खरी परीक्षा पुढची. धांवत्या गाडीच्या रेडिएटरास वारा लागतो. रांगेंतल्या गाडीस विजेच्या पंख्यावांचून वारा नाहीं. म्हणून वातानुकूलन चालू ठेवून गाडी वीस मिनिटें उन्हांत तशीच उभी ठेवावी, पंखा वेळेवर लागतो कीं नाहीं व उष्णतेचा कांटा स्थिर राहतो कीं नाहीं तें पाहावें, आणि लागलीच पांच माणसें बसवून गायमुखाचा चढ चढावा. या परीक्षेंत मध्यंतरीं पाहिलेली एक चौथी गाडी बाराव्या मिनिटासच तापली. तिचें नांव सांगत नाहीं, कारण दोष मालकाच्या निष्काळजीपणाचा होता. कूलंटच्या जागीं तो वर्षानुवर्षें नळाचें पाणी घालीत आला होता. चकाकी मात्र तिचीच सर्वांत जास्त होती, आणि पुतण्या आगाऊ रक्कम देण्याच्या बेतांत होता.

आणखी दोन गोष्टी थोडक्यांत. एंजिनांतील झडपा वेळेवर उघडमीट करविण्यास कांहीं गाड्यांत सांखळी असते, कांहींत रबरी पट्टा. वरील तिन्ही गाड्यांत सांखळी आहे. जुन्या सँट्रोंत किंवा १.१ लिटरच्या आय-टेनमध्यें पट्टा असे. तो ठराविक मुदतींत बदलल्याची पावती नसेल तर बदलण्याचा खर्च किंमतींतून वजा करून मागावा, कारण तो तुटला तर झडपा वांकून एंजिनच उघडावें लागतें. दुसरी गोष्ट पेट्रोलाची. आतां पेट्रोलांत पांचवा हिस्सा इथेनॉल असतें, व तितक्याच लिटरांत इथेनॉलची उष्णता पेट्रोलाहून एक तृतीयांश कमी. १ एप्रिल २०२३ च्या आधींच्या गाड्या सर्वस्वीं या मिश्रणासाठीं केलेल्या नाहींत. तेव्हां पेट्रोलाच्या रबरी नळ्या तडकल्या-फुगल्या आहेत का तें हात लावून पाहावें, आणि विकणारा सांगेल त्याहून लिटरमागें थोडें अंतर कमी मिळेल असें गृहीत धरावें.

शेवटीं वॅगन आर व ग्रँड आय-टेन या दोन उरल्या. माझें मत दुसरीकडे होतें. एंजिन चार सिलिंडरांचें, शांत, आणि खालच्या फेऱ्यांत पुरेसें जोरकस. पण पुतण्यानें शहाणपणा केला कीं, एका रविवारीं दोन्ही गाड्या इमारतीखालीं आणवून वहिनींनाच त्यांत बसविलें. ग्रँड आय-टेनमध्यें त्या स्वस्थ बसल्या. परंतु उतरतांना आसन खोल असल्यामुळें सूनबाईंना दोन्ही हात द्यावे लागले. वॅगन आरचें आसन उंच. तीतून त्या दाराची चौकट धरून आपल्या आपण उतरल्या. म्हणाल्या, "जरा थरथरते खरी. पण हिच्यांतून मला कोणी उचलावें लागत नाहीं."

माझ्या विद्यार्थ्यानें एंजिनाखालचीं रबरें, ज्यांस मेकॅनिक लोक ‘फाउंडेशन’ म्हणतात तीं, तपासलीं. दोन दबून गेलेलीं निघालीं. तीं नवीं बसवितांच थरथर पुष्कळच कमी झाली. आतां सर्वांत कमी घोड्यांची ती गाडी मंगळवारीं व शुक्रवारीं गायमुख चढते, दुसऱ्या गिअरांत, ट्रकांच्या मागें. नोंदणी २०१६ ची असल्यामुळें १५ वर्षांची मुदत २०३१ पर्यंत आहे. पुढें तपासणी करून पांच वर्षांसाठीं नवी करून घेतां येते. हस्तांतरणाचे २९ व ३० क्रमांकाचे अर्ज पैसे देण्यापूर्वीं सही करून घेतले, आणि विम्याचें नांवहि त्याच आठवड्यांत बदलून घेतलें.