विश्लेषण : 'ओव्हरवॉच २'मधला '२' गेला, मग सिक्वेल म्हणून आलं ते नेमकं काय होतं?

ब्लिझार्ड या अमेरिकी कंपनीनं फेब्रुवारी २०२६ मध्ये 'ओव्हरवॉच २' या गेमच्या नावातला '२' काढून टाकला. गेम तोच, खेळाडूंची खातीही तीच. नाव मात्र पुन्हा नुसतं 'ओव्हरवॉच'. गाजावाजा करून आणलेल्या सिक्वेलचा आकडा सव्वातीन वर्षांनी पुसण्याची वेळ का आली? आणि एखाद्या गेमचा दुसरा भाग पहिल्याच्या खरंच पुढे गेलाय, हे ओळखायचं कसं?

काय कबूल केलं होतं?

पहिला 'ओव्हरवॉच' २४ मे २०१६ रोजी आला. सहा-सहा जणांचे दोन संघ, प्रत्येकाकडे वेगळ्या शक्तीचा हिरो आणि समोरासमोरची लढत, असा त्याचा साचा होता. गेम विकत घ्यावा लागायचा. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये तो वर्षातला सर्वोत्कृष्ट गेम ठरला.

नोव्हेंबर २०१९ मध्ये कंपनीनं दुसरा भाग जाहीर केला. त्यातलं मुख्य आकर्षण म्हणजे कथा. खेळाडूंनी एकमेकांशी लढण्याऐवजी एकत्र येऊन संगणकाच्या शत्रूंशी लढायचं आणि आपल्या हिरोची कौशल्यं टप्प्याटप्प्यानं वाढवत न्यायची, अशी कल्पना होती. पहिला गेम घेतलेल्यांना समोरासमोरच्या लढतीतले नवे हिरो आणि नकाशे मिळत राहतील आणि दोन्ही भागांचे खेळाडू एकत्र खेळू शकतील, असंही तेव्हा सांगितलं गेलं.

या आश्वासनाची किंमत पहिल्या गेमनं मोजली. एप्रिल २०२० मध्ये 'एको' ही हिरो आली आणि त्यानंतर सुमारे अडीच वर्षं त्यात एकही नवा हिरो आला नाही. सगळी ताकद दुसऱ्या भागावर लागली आहे, अशी खेळाडूंची समजूत होती आणि म्हणूनच अनेकांनी वाट पाहिली.

प्रत्यक्षात काय आलं?

४ ऑक्टोबर २०२२ रोजी 'ओव्हरवॉच २' सुरू झाला. त्याच्या अगदी आधी पहिल्या गेमचे सर्व्हर बंद करण्यात आले. ज्यांनी पैसे मोजून पहिला भाग घेतला होता, त्यांनाही तो पुन्हा उघडता येईना. त्याच्या जागी नवा गेम आपोआप आला.

नवा गेम फुकट होता, त्यामुळे पहिल्या दहा दिवसांतच अडीच कोटी खेळाडू आल्याचं कंपनीनं सांगितलं. संघ सहाऐवजी पाच जणांचा झाला. पुढे राहून मार झेलणारे 'टँक' दोनवरून एकावर आले. याने लढतीचा वेग खरोखर बदलला. पण आधीचे लूट बॉक्स जाऊन बॅटल पास आला आणि नवे हिरो त्याच्या मागे अडकले. एकतर पैसे द्या, नाहीतर बरेच टप्पे खेळून ते मिळवा.

ज्यासाठी '२' हा आकडा लावला होता, तो कथेचा भाग मात्र सुरुवातीला नव्हताच. मे २०२३ मध्ये कौशल्यं वाढवण्याचा तो संपूर्ण मोड रद्द झाल्याचं जाहीर झालं. ऑगस्टमध्ये कथेच्या तीन मोहिमा आल्या, त्याही विकत. त्याच महिन्यात गेम 'स्टीम'वर आला आणि तिथे खेळाडूंनी नकारात्मक मतांचा पाऊस पाडला. त्यातली बरीच मतं चिनी भाषेत होती. चीनमधल्या भागीदार कंपनीशी करार संपल्यानं जानेवारी २०२३ मध्ये तिथली सेवा बंद पडली होती, त्याचाही राग त्यात होता. त्यामुळे त्या आकड्यांवरून गेमची गुणवत्ता मोजणं चुकीचं ठरेल. पण मूळ तक्रार सगळीकडे सारखीच होती: दुसऱ्या भागाच्या नावाखाली पहिलाच गेम नव्या विक्रीपद्धतीनं दिला गेला.

पुढची वाटचालही तेच सांगते. नवे हिरो एप्रिल २०२४ पासून सर्वांना लगेच मिळू लागले. डिसेंबर २०२४ मध्ये सहा जणांच्या संघाची चाचणी झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये लूट बॉक्सही परतले. एकेक जुनी गोष्ट परत येत गेली आणि शेवटी जुनं नावही आलं.

मग तोच नकाशा वापरणारा 'झेल्डा' वेगळा कसा?

सिक्वेलवर सगळ्यात आधी होणारा आरोप म्हणजे 'हे तर तेच आहे, फक्त पुन्हा विकताहेत'. निन्टेंडोच्या 'टिअर्स ऑफ द किंगडम'वर हा आरोप 'ओव्हरवॉच'पेक्षाही सहज करता आला असता.

'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' मार्च २०१७ मध्ये आला आणि त्याचा हा पुढचा भाग १२ मे २०२३ रोजी. हायरूलचं राज्य तेच, नायक तोच, यंत्रही तेच निन्टेंडो स्विच. इतकंच काय, पहिल्या गेमला जोडायच्या अतिरिक्त भागासाठी कल्पना फार झाल्या, म्हणून त्याचा सिक्वेल झाला, असं निर्माते एइजी आओनुमा यांनी सांगितलं होतं. अमेरिकेत किंमत मात्र ६० डॉलरवरून ७० डॉलर झाली.

तरीही पहिल्या तीन दिवसांत त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती विकल्या गेल्या आणि समीक्षकांनीही तो उचलून धरला. याचं कारण खेळाडूच्या हाताला मिळालेल्या नव्या कामात आहे. 'अल्ट्राहँड' या शक्तीनं लाकडाचे ओंडके, चाकं, पंखे चिकटवून गाडी, होडी किंवा विमान तयार करता येतं. त्यामुळे ओळखीचा डोंगरही नव्यानं सोडवायचं कोडं होतो.

दुसरं उदाहरण जास्त बोलकं आहे. पहिल्या गेममध्ये शस्त्रं सतत तुटायची आणि त्याबद्दल पुष्कळ तक्रारी होत्या. सिक्वेलमध्येही ती तुटतात. पण 'फ्यूज' या शक्तीनं कुठल्याही काठीला दगड, शिंग किंवा राक्षसाचा अवयव जोडून नवं शस्त्र करता येतं. त्यामुळे शस्त्र तुटलं की पुढचा प्रयोग सुचतो. जी गोष्ट त्रासाची होती, तीच खेळाचा भाग झाली.

अर्थात सगळंच पुढे गेलं असं नाही. भूतकाळातल्या आठवणी गोळा करत कथा उलगडण्याची पद्धत जवळपास तीच राहिली. पहिल्या भागातल्या प्राचीन यंत्रांपैकी बरीचशी नव्या भागात नाहीशी झाली, त्याचं पटेल असं स्पष्टीकरण गेम देत नाही. लपलेले कोरोक ९०० चे १,००० झाले. ही नुसती संख्यावाढ आहे.

फरक नेमका कुठे?

नवा नकाशा, चांगले ग्राफिक्स, वाढलेली संख्या यांवरून सिक्वेल पुढे गेला की नाही हे ठरत नाही. पहिल्या भागात करता येत नव्हतं असं काय आता करता येतं आणि आधी करता येत असलेलं काय काढून घेतलं, या दोन प्रश्नांवर ते ठरतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये आलेला 'काउंटर-स्ट्राइक २' या दोन्हींच्या मधे बसतो. त्यात धुराच्या ग्रेनेडचा धूर खोलीच्या आकारानुसार पसरतो आणि त्यात दुसरा ग्रेनेड फोडला की काही क्षण आरपार दिसतं. अनुभवी खेळाडूंचे डावपेच यानं बदलले. खेळाडूंनी जमवलेल्या बंदुकांच्या स्किनही कायम राहिल्या. मात्र जुन्या गेमची जागा यानंच घेतली आणि काही लोकप्रिय मोड सुरुवातीला गायब होते.

पहिला भागच बंद झाला तर?

चित्रपटाचा दुसरा भाग फसला तर पहिला पुन्हा पाहता येतो. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'ची प्रत घेतलेल्यांना तो गेम आजही खेळता येतो. सर्व्हरवर चालणाऱ्या गेमचं तसं नाही. तिथे फसलेला सिक्वेल पहिल्या भागालाही सोबत घेऊन जातो आणि तुलना करायला हाताशी काही उरत नाही.

विकलेले गेम सेवा संपल्यावरही खेळता येतील अशा अवस्थेत ठेवावेत, ही मागणी युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' या मोहिमेनं लावून धरली. त्यासाठीच्या युरोपीय नागरिक पुढाकारावर २०२५ मध्ये दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. यानिमित्तानं, पैसे देऊन घेतलेल्या गेमवर खेळाडूचा हक्क किती, हा प्रश्न कायदे करणाऱ्यांपर्यंत पोहोचला.

तोवर पुढच्या 'भाग २'चा ट्रेलर आला की तीन गोष्टी पाहाव्यात. ट्रेलरमध्ये दाखवलेलं पहिल्याच दिवशी मिळणार आहे की 'नंतर'? खेळाडूला नवं काही करता येणार आहे की नुसतं नवं पाहायला मिळणार? आणि दुसरा भाग आल्यावर पहिला चालू राहणार का? 'ओव्हरवॉच २'च्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' होतं. आता नाव परत आलं असलं, तरी २०१६ साली विकत घेतलेला तो गेम जसा होता तसा परत आलेला नाही.