देणेकऱ्याचे नाव छापता, मग घेणेकऱ्याचे का नाही?

कोणतेही मराठी दैनिक उघडा, आतल्या पानावर ‘ताबा सूचना’ सापडेल. कर्जदाराचे पूर्ण नाव, सदनिकेचा क्रमांक, मजला, इमारत, चतुःसीमा आणि थकलेली रक्कम, सगळे त्यात असते. थकीत कर्जाच्या वसुलीसाठीच्या सरफेसी कायद्याखालच्या नियमांनुसार ही सूचना दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते आणि त्यांतले एक स्थानिक भाषेतले असावे लागते. हेतू उघड आहे: आजूबाजूच्या माणसांना कळले पाहिजे. त्या घराच्या अब्रूचे काय, असे तेव्हा कोणी विचारत नाही. देणे वसूल करायचे तर नाव उघड करावे लागणारच, हे आपण मुकाट्याने मान्य केले आहे.

आता ज्याचे कोणाला देणे नाही, उलट ज्याचेच पैसे दुसऱ्याकडे अडकले आहेत, त्या माणसाकडे पाहा. सरकारने लोकसभेत दिलेल्या आकड्यांनुसार २०२३-२४ च्या अखेरीस कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे निष्क्रिय ठरलेली २१ लाखांहून अधिक खाती होती आणि त्यांत साडेआठ हजार कोटी रुपये पडून होते. ही रक्कम बेवारस आहे, असे सरकारही म्हणत नाही. प्रत्येक निष्क्रिय खात्याला निश्चित दावेदार आहे, तो आला की त्याला पैसे मिळतील, असेच उत्तर संसदेत दिले जाते. दावेदार निश्चित आहे, तर त्याचे नावही निश्चित असणार. मग ते नाव त्याच्या गावापर्यंत का पोहोचत नाही? विचारले की उत्तर येते, वैयक्तिक माहिती उघड करता येत नाही.

हे उत्तर मला मान्य नाही. ज्यांचा फंड आणि पेन्शन न मागितल्यामुळे पडून आहे, त्यांना शोधण्यापुरती त्यांची नोंद उघड केली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. किती उघड करायची, कोणापुढे आणि कोणत्या बंधनांत, तेही सांगतो. पण आधी विरुद्ध पक्ष पूर्ण मांडला पाहिजे, कारण तो पोकळ नाही.

त्या पक्षाचे पहिले म्हणणे हक्काचे आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पाठोपाठ २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. नागरिकाने एका कामासाठी दिलेली माहिती दुसऱ्या कामासाठी चव्हाट्यावर मांडण्याचा अधिकार सरकारला कोणी दिला? दुसरे म्हणणे अनुभवाचे आहे. २०१७ मध्येच झारखंडच्या सामाजिक सुरक्षा विभागाच्या संकेतस्थळावर दहा लाखांहून अधिक पेन्शनधारकांचे आधार क्रमांक आणि बँक खात्यांचे तपशील उघडे पडले होते. पेन्शनची यादी जाहीर करणे म्हणजे म्हाताऱ्या माणसांना भामट्यांच्या हवाली करणे, अशी भीती त्यातून निघते. तिसरे म्हणणे जबाबदारीचे आहे: पैसे ज्याचे, मागायला त्याने यावे. संकेतस्थळ आहे, मदतकक्ष आहे, आणखी काय हवे?

तिसऱ्यापासून सुरुवात करू, कारण ते सर्वांत सोपे वाटते आणि सर्वांत जास्त माणसे त्यानेच बुडतात.

मुंबईच्या गिरणगावाचे उदाहरण घ्या. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप रेंगाळला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि लालबाग, परळ, वरळीतली माणसे कोकणात, साताऱ्यात, कोल्हापुरात आपापल्या गावी परतली. काही मागे राहिली आणि रखवालदारी, यंत्रमाग, लहान कारखाने अशी मिळेल ती कामे धरत राहिली. फंडाच्या दप्तरात अशा माणसाचे काय होते? २०१४ मध्ये सार्वत्रिक खाते क्रमांक आला. त्याआधी नोकरी बदलली की नवा क्रमांक पडायचा. एकाच माणसाची तीन-चार खाती, तीन-चार मालकांच्या नावांखाली. कामगाराला आपला तिकीट नंबर पाठ असे, गिरणीतले खाते आणि पाळी पाठ असे. फंडाचा नंबर कारकुनाच्या वहीत असे. दप्तरातला पत्ता चाळीतल्या खोलीचा. ती चाळ पडून तिथे टॉवर उभा राहिला असेल, तर टपाल कोणाच्या हाती पडणार?

नावाचीही तीच गत. मराठी नाव इंग्रजीत लिहिताना एकाने पवार एका स्पेलिंगने लिहिले, दुसऱ्याने दुसऱ्या. बापाचे नाव कुठे आहे, कुठे गळले आहे. वारस म्हणून लावलेल्या बायकोचे नाव माहेरचे की सासरचे, याचा पत्ता नाही. ज्या माणसाला आपले पैसे आहेत हेच ठाऊक नाही, त्याला संकेतस्थळावरच्या रिकाम्या चौकटीपुढे बसवून क्रमांक घाला म्हणणे म्हणजे दार दाखवून किल्ली खिशात ठेवणे आहे.

पेन्शनच्या बाबतीत ही अडचण जिवावर बेतणारी आहे. १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेल्या कर्मचारी पेन्शन योजनेत दहा वर्षे सेवा भरली की अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शनचा हक्क मिळतो. सभासद नोकरीत असताना वारला, तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला पेन्शन लागू होते आणि मुलांना पंचविशीपर्यंत. ही तरतूद किती विधवांना कोणी समजावून सांगितली असेल? नवरा शहरात कामाला होता, फंड कापला जात होता, एवढेच गावाकडच्या बाईला माहीत असते. अर्ज केल्याशिवाय पेन्शन सुरू होत नाही आणि माहीत असल्याशिवाय अर्ज होत नाही. तिने मागितले नाही, हा तिचा दोष कसा? मागणे हे कळण्यानंतरचे पाऊल आहे. कळवण्याची जबाबदारी ज्याच्याकडे वही आहे त्याची.

आता भामट्यांची भीती. ती खरी आहे आणि झारखंडचा प्रकार अक्षम्य होता. पण तिथे नेमके काय उघडे पडले, ते पाहा: आधार क्रमांक आणि बँक खाते. पैसे काढायला उपयोगी पडणाऱ्या किल्ल्या उघड्या पडल्या. माणूस शोधायला त्यांतली एकही लागत नाही. त्या चुकीतून घ्यायचा धडा असा की किल्ल्या लपवा आणि नावे सांगा. नावेच लपवा, असा धडा त्यातून निघत नाही.

आणि यादी कुलपात ठेवली की चोरी थांबते, हे कोणी सांगितले? २०२१ मध्ये भविष्य निर्वाह निधीच्या मुंबईतील कांदिवली कार्यालयात सुमारे एकवीस कोटींचा अपहार उघडकीस आला. केंद्रीय अन्वेषण विभागाने कार्यालयातल्याच कर्मचाऱ्यांवर गुन्हा नोंदवला. बंद पडलेल्या कंपन्यांच्या नावावर, स्थलांतरित मजुरांची शेकडो बँक खाती वापरून खोटे दावे काढल्याचा आरोप होता. तिथे कोणती यादी गावात वाचली गेली होती? अंधारात पडलेल्या पैशाची माहिती फक्त आतल्या माणसाला असते, म्हणून मोह होतो तोही आतल्या माणसाला. ज्या खात्याचे नाव गावाला माहीत आहे, त्यावर खोटा वारस उभा करणे अवघड असते, कारण खरा वारस कोण हेही गावालाच माहीत असते.

राहिला पहिला आक्षेप, हक्काचा. तो सर्वांत वजनदार आहे, म्हणून त्याच्या मुळाशी जाऊ. खासगीपणाचा हक्क कोणाचा? ज्याची माहिती आहे त्याचा. तो त्याला इतरांच्या घुसखोरीपासून वाचवण्यासाठी दिला आहे. ज्या संस्थेकडे त्याचे पैसे आहेत, तिला त्याच्यापासूनच वाचवण्यासाठी दिलेला नाही. ठेवलेली वस्तू परत करायची वेळ आली की, तुमचे नाव गुप्त आहे म्हणून तुम्हाला बोलावता येत नाही, असे कोणी म्हणाले तर आपण त्याला हक्काचा रक्षक म्हणणार नाही. पुट्टस्वामी निकालानेही हा हक्क निरपवाद मानलेला नाही. कायद्याचा आधार, योग्य हेतू आणि हेतूला साजेसे प्रमाण असेल, तर मर्यादा घालता येते. ज्याची माहिती त्याच्याच भल्यासाठी, आणि तीही मोजकी, यापेक्षा योग्य हेतू दुसरा कोणता?

शिवाय आपले कायदे नावे उघड करत नाहीत, असे थोडेच आहे? मतदार यादीत नाव, वय, घर, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, सगळे असते आणि ती सर्वांना पाहता येते. सातबारा कोणालाही पाहता येतो. राज्यातल्या २०१७ च्या कर्जमाफीत अर्जदार शेतकऱ्यांच्या याद्यांचे गावोगाव चावडीवाचन झाले. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२४ नुसार भागधारकाने न नेलेल्या लाभांशाची यादी कंपनीला संकेतस्थळावर टाकावी लागते, आणि तीत नाव, शेवटचा ज्ञात पत्ता व रक्कमही द्यावी लागते. रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना दहा वर्षे पडून असलेल्या ठेवींच्या याद्या नाव-पत्त्यासह जाहीर करायला सांगितले. खाते क्रमांक आणि शाखा मात्र उघड करू नका, असेही बजावले. म्हणजे समभाग घेणाऱ्याचे नाव चालते, ठेव ठेवणाऱ्याचे चालते, कर्ज बुडवणाऱ्याचे तर मोठ्या अक्षरांत चालते. ज्याने महिन्याच्या महिन्याला पगारातून फंड कापून दिला, त्या कामगाराचे नाव आले की मात्र खासगीपणा आठवतो. हा भेद हक्कातून आलेला नाही, उपेक्षेतून आलेला आहे.

जन्म-मृत्यू नोंदणीच्या २०२३ च्या दुरुस्तीकडेही या नजरेने पाहावे. मृत्यूची नोंद मतदार यादी, शिधापत्रिका, पारपत्र, वाहनचालक परवाना, मालमत्ता नोंदणी अशा दप्तरांना पुरवता येईल, असे त्या कायद्यात नावे घेऊन म्हटले आहे. त्या नावांत भविष्य निर्वाह निधी नाही. माणूस मेला की त्याचे नाव यादीतून कापायला सरकारी दप्तरे एकमेकांशी बोलू शकतात. त्याच्या बायकोला पेन्शन लागू झाली आहे हे सांगायला का बोलू नयेत?

हा गोंधळ आपल्याकडेच आहे असेही नाही. अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने हरवलेल्या निवृत्तिलाभांची राष्ट्रीय शोधयादी उभी करायला सांगितले. तिथल्या करखात्याने गोपनीयतेच्या कलमावर बोट ठेवून आपल्याकडची माहिती कामगार खात्याला द्यायला नकार दिला आणि योजना चालवणाऱ्यांकडे स्वेच्छेने माहिती मागण्याची पाळी आली. एका हाताने शोध म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने वही मिटायची, असा तो प्रकार झाला.

खंडन झाले. आता मांडणी.

पहिली पायरी बंद दाराआडची. भविष्य निर्वाह निधी संघटनेने निष्क्रिय खात्यांची नावे मतदार यादी, शिधापत्रिका आणि मृत्यूनोंदणीशी पडताळून पाहावीत. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाकडे दीड लाखांहून अधिक अर्ज आले. त्यात कामगार असल्याचा पुरावा म्हणून फंडाचा क्रमांक, ईएसआयसी कार्ड, हजेरीपत्रक अशी कागदपत्रे घेतली गेली. म्हणजे जुना क्रमांक आणि आजचा पत्ता एकाच अर्जावर सरकारजवळ आहे! ही पडताळणी फक्त पत्ता मिळवण्यासाठी व्हावी, माहिती इतर कामाला वापरली तर शिक्षा व्हावी आणि माणूस सापडला की त्याला मराठीत पत्र जावे. लाभ आणि सेवा देण्यासाठी अटी पाळून माहिती वापरण्याची वाट २०२३ च्या कायद्याच्या कलम ७ ने राज्यसंस्थेला ठेवलेली आहे. ती अपुरी वाटत असेल, तर कायद्यात एक ओळ वाढवावी.

दुसरी पायरी यादीची. दोन पत्रे परत आली, तरच नाव जाहीर व्हावे. सभासदाचे पूर्ण नाव, कारखान्याचे नाव, नोकरीची साधारण वर्षे आणि दप्तरात असेल तर मूळ गाव, एवढेच. रक्कम, आधार, बँक खाते, जन्मतारीख, खाते क्रमांक यांतले काहीही नको. दावा करणाऱ्याने या लपवलेल्या तपशिलांतले त्याला माहीत असतील ते स्वतःकडून सांगायचे, म्हणजे खरे-खोटे तिथेच कळेल. ज्याला आपले नाव यादीत नको असेल, त्याने एका अर्जावर ते काढून घ्यावे. घर सोडून आलेल्या एखाद्या बाईला आपला ठावठिकाणा कळू द्यायचा नसेल, तर तिची इच्छा कोणतेही कारण न विचारता पाळली जावी. यादीत आजचा पत्ता कधीच नसावा, हे बंधन तिच्यासाठीही.

तिसरी पायरी वाचनाची, आणि माझ्या लेखी ती सर्वांत महत्त्वाची. यादी देवनागरीत लिहून ग्रामसभेत वाचावी, चावडीवर लावावी, मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांना द्यावी. संगणकाला स्पेलिंग जुळावे लागते. चावडीवर बसलेल्या म्हातारीला लागत नाही. अमका तिकडे साचाखात्यात होता, तो वारला, त्याची सून वरच्या वाडीत राहते, हे तिला माहीत असते. ही ओळख कोणत्याही दप्तरात नाही.

माहिती अधिकाराची वाटही खुली राहिली पाहिजे. २०२३ च्या कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्यातील वैयक्तिक माहितीच्या अपवादातून व्यापक लोकहिताची अट काढून टाकली. कलम ८(२) मधली लोकहिताची तरतूद शिल्लक आहे. तिच्या आधारे संघटनांनी अशा याद्या मागाव्यात आणि अधिकाऱ्यांनी न घाबरता द्याव्यात.

हे सगळे लवकर व्हायला हवे, कारण घड्याळ चालू आहे. ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीच्या २०१६ च्या नियमांनी फंडासह अनेक योजनांतली न मागितलेली रक्कम सात वर्षांनी त्या निधीत वळवण्याची तरतूद केली. वळवल्यापासून पंचवीस वर्षांत कोणी आले नाही, तर ती सरकारजमा होते. ज्याला कधी कळवलेच नाही, त्याच्याविरुद्ध मुदत मोजणे न्यायाला धरून नाही. सरकार म्हणते दावेदार निश्चित आहे. मग पंचवीस वर्षे मोजायला लागण्याआधी त्याचे नाव एकदा तरी, त्याच्या गावात, त्याच्या भाषेत, मोठ्याने वाचले गेले पाहिजे.