फुजैराहून : उत्तर आलं, पण कुणाचं?



परवा रात्री साडेअकराला फोन वाजला. आमच्या ऑफिसातला नवा पोरगा, मूळचा सांगलीचा. "सर, घोटाळा झालाय. एकाच जहाजाच्या तेलाची नोंद दोनदा पडलीय!"

आमच्या फुजैराच्या किनाऱ्यासमोर जहाजं नांगर टाकून इंधन भरतात. बंकरिंगची जगातली जी मोठी बंदरं, त्यांतलं हे एक. एकेका नोंदीत शेकडो टनांचा हिशेब. नोंद दोनदा म्हणजे बिलही दोनदा!

झालं होतं असं. प्रोग्रॅमनं नोंद पाठवली, डेटाबेसनं ती लिहूनही घेतली. पण परतीच्या वाटेवर मधल्या प्रॉक्सीनं स्वतःचाच भलता निरोप धाडला. प्रोग्रॅम म्हणाला, "अनपेक्षित उत्तर." आणि पोरानं लिहून ठेवलेलं, एरर आली की पुन्हा पाठव.

मी वैतागलो, तर सौ. म्हणाली, "अहो, आईंना पैसे पाठवताना तुम्ही तरी काय केलंत?" गप्प बसलो. गेल्या वर्षी स्क्रीनवर एरर दिसली म्हणून मी पुन्हा बटण दाबलं होतं, आणि आईच्या खात्यात पैसे दोनदा गेले होते.

आता थोडं शास्त्र. प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्यामध्ये क्लायंट लायब्ररी नावाचा दुभाषी असतो. त्याला तीन तऱ्हेची उत्तरं मिळतात. "झालं", "नाही झालं, कारण अमुक", आणि तिसरं, जे त्याला समजतच नाही. दुसरं उत्तर खरं तर सभ्य. त्यासाठी पाच अक्षरी कोड ठरलेले आहेत. पोस्टग्रेसमध्ये २३५०५ म्हणजे "ही नोंद आधीच आहे", ४०००१ म्हणजे "दुसऱ्याशी टक्कर झाली, व्यवहार पहिल्यापासून करा". आणि गंमत म्हणजे ०८००७ चा अर्थ, "व्यवहार पुरा झाला की नाही, ठाऊक नाही"!

खरा धोका तिसऱ्यात. पोस्टग्रेसच्या प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला त्याचा प्रकार सांगणारं एक अक्षर असतं, मग लांबी. हे जुळलं नाही, तर त्याची लिबपीक्यू ही लायब्ररी अंदाज बांधत बसत नाही. ताळमेळ सुटला असं सांगून कनेक्शनच बंद करते.

एवढं कडक का? वडापावच्या गाडीवरची रांग आठवा. पुढचा माणूस ऑर्डर देऊन निघून गेला. मालकानं त्याचं पार्सल तुमच्या हातात दिलं, तुमचं मागच्याच्या. एक चुकलं की पुढचे सगळे चुकले.

मार्च २०२३ मध्ये चॅटजीपीटीचं नेमकं हेच झालं. रेडिस डेटाबेसशी बोलणाऱ्या पायथन लायब्ररीत दोष होता. अर्ध्यावर रद्द झालेल्या मागणीचं उत्तर कनेक्शनमध्ये पडून राही आणि पुढच्याला मिळे. बहुतेक वेळा ते जुळत नसे आणि एरर येई. पण कधी कधी उत्तराचा प्रकार जुळून जाई, आणि काही लोकांना दुसऱ्यांच्या संभाषणांची शीर्षकं दिसली. २० मार्चला सेवा बंद ठेवावी लागली. म्हणजे बघा, ज्यांना एरर आली ते सुदैवी!

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी बसून तीन गोष्टी केल्या. उत्तर अनोळखी असेल तर कनेक्शन टाकून द्यायचं, आणि आलेलं उत्तर जसंच्या तसं लॉगमध्ये उतरवायचं. निकाल "झालं नाही" असा न लिहिता "माहीत नाही" असा लिहायचा. आणि प्रत्येक नोंदीला पाठवण्याआधीच आपल्याकडून एक नंबर द्यायचा. डेटाबेसला बजावायचं, हा नंबर दुसऱ्यांदा घेऊ नकोस. आता पुन्हा पाठवलं तरी फार तर २३५०५ येतो. म्हणजे काम आधीच झालेलं!

आईच्या बाबतीत मात्र उपाय सोपा. बटण पुन्हा दाबण्याआधी फोन करतो, "आई, आले का गं?"

कळावे. आणि नाही कळलं, तर आधी विचारावे!

– फुजैराकर