समुद्र खोक्यात मावत नाही!

दिवाळी जवळ आली की अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या इमारतींत फराळाच्या डब्यांबरोबर मोठमोठी खोकीही लिफ्टने वर चढू लागतात. त्यांतल्या पुष्कळशा खोक्यांत ‘होम थिएटर’ असते. ते विकताना दुकानदार हटकून दर्यावरचा एखादा चित्रपट लावतो. वादळ उठते, गलबत कलंडते, तोफा धडाडतात, कपाटाच्या काचा थरथरतात आणि गिऱ्हाईक खिशात हात घालते. माझे भांडण आहे ते या थरथरण्याशी. अशा चित्रपटांची हौस मलाही आहे. पण समुद्र म्हणून आपल्या गळ्यात बांधला जातो तो निव्वळ धडधडाट असतो, आणि तो आपल्या घरात राहतही नाही, असे माझे स्वच्छ मत आहे.

पडद्यावरचा समुद्र कशाने उभा राहतो? ‘मास्टर अँड कमांडर’ला २००३ सालच्या चित्रपटांतून ध्वनिसंपादनाचे ऑस्कर मिळाले. त्यात तोफा आहेतच; पण आपण जहाजावर आहोत असे वाटते ते लाकडाच्या करकरीने, शिडात भरणाऱ्या वाऱ्याने आणि डेकवरच्या पावलांनी. १९८१ सालच्या ‘दास बूट’ या जर्मन चित्रपटात पाणबुडीतले खलाशी श्वास रोखून बसतात, वरून शत्रूच्या शोधयंत्राची टिंगटिंग येते, दाबाने लोखंड कण्हते. अंगावर काटा येतो तो त्या शांततेमुळे. आपल्याकडच्या ‘द गाझी अटॅक’मध्येही (२०१७) पाणबुडीतल्या माणसांचे हुकूम आणि कुजबुज नीट ऐकू आली नाही, तर उरते काय? हे सारे नाजूक आवाज सबवूफर नावाच्या खोक्याच्या वाट्याला येतच नाहीत; ते समोरच्या लहान स्पीकरांना पेलावे लागतात. आणि नेमके तेच आपण स्वस्तातले घेतो!

दुसरा भ्रम वॅटचा. खोक्यावर ‘पी. एम. पी. ओ.’ म्हणून हजारोंचा आकडा छापलेला असला, तर तो वाचू नये. ‘आर. एम. एस.’ या नावाचा आकडा विचारावा. तो बराच लहान आणि बराच प्रामाणिक असतो. शिवाय वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. कानाला दुप्पट वाटायला शक्ती सुमारे दसपट लागते. म्हणजे पैसे दुप्पट मोजून घरी यायचे आणि फरक काय पडला ते बायकोला विचारायचे!

आता शेजाऱ्यांकडे वळू. ४० हर्ट्झच्या खर्जाची एक लाट सुमारे साडेआठ मीटर लांब असते. आपली बैठकीची खोली दहा बाय बाराची. बारा फुटांत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर घुमू लागतो. भिंतीपाशी बसलेल्याच्या छातीत धडकी भरते आणि मधोमध बसलेल्याला तोच सूर जवळजवळ ऐकूच येत नाही. उरलेला धक्का भिंतीतून आणि स्लॅबमधून खालच्या-वरच्या घरांत शिरतो. ‘आम्ही जाड पडदे लावलेत, गालिचा घातलाय,’ असे सांगणारे भेटतात. पडदे आणि गालिचे वरच्या पट्टीचे आवाज शोषतात. खर्जाला ते अडवत नाहीत. शेजाऱ्यांना ना गोष्ट कळते, ना संवाद. त्यांच्या वाट्याला येतात फक्त ठोके. पलीकडे दहावीचा अभ्यास चाललेला असतो, खाली कोणी आजारी असते. आणि सणासुदीला भांडण नको म्हणून ती माणसे गप्प बसतात. त्यांच्या गप्प बसण्याला संमती समजणे हा निव्वळ दांडगेपणा आहे.

कायदाही येथे अपुरा पडतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण ती ज्या ‘ए’ मापाने मोजतात, ते माप ४० हर्ट्झच्या आवाजातून जवळजवळ ३५ डेसिबल वजाच करते. भिंत हादरते आणि काटा ढिम्म हलत नाही! जेथे काट्याचा इलाज चालत नाही, तेथे माणसाची लाजच कामी यायला हवी.

यावर कोणी म्हणेल, ‘दिग्दर्शकाने तो दणका मुद्दाम योजलाय, तो कापायचा तुम्हांला काय अधिकार?’ दिग्दर्शकाने तो योजला तो चित्रपटगृहासाठी. तेथे एकेका मुख्य स्पीकरची कमाल पातळी १०५ डेसिबल धरलेली असते, आणि ते सभागृह त्यासाठीच बांधलेले असते. आपली सोसायटी माणसांनी राहावे म्हणून बांधलेली आहे.

तेव्हा घ्यायचेच असेल तर या क्रमाने घ्या. पहिला मान मधल्या स्पीकरला, कारण संवाद बहुतेक त्यातूनच येतात. मग डावा-उजवा जोड, मग वारा-पाऊस पाठीमागून यावा म्हणून मागचे दोन. सबवूफर शेवटी, लहानसा, बंद पेटीचा; तो कोपऱ्यात कोंबू नये आणि खाली रबराची जाड गादी ठेवावी. यंत्रात ‘नाइट मोड’ आहे ना, हे विचारून घ्यावे. त्याने दणके दबतात आणि कुजबुज वर येते. रात्री दहानंतर हेडफोनसारखा दुसरा सज्जन नाही.

आणि यंत्राची खरी परीक्षा दुकानात होत नाही. पाडव्याला फराळाचे ताट घेऊन शेजारी जा, आपल्या घरी तोफा चालू ठेवा, आणि त्यांच्या खोलीत पाच मिनिटे बसून चहा घ्या. कपबशी वाजू लागली, तर कोणी काही बोलायच्या आत घरी परता आणि सबवूफरची कळ खाली फिरवा.