साखर पुडीने उतरली नव्हती

ऑस्ट्रेलियातल्या मराठी मंडळींना कळकळीची विनंती.

‘ॲबोरिजिनल जडीबुटीने डायबेटिस कायमचा गेला’ असा मजकूर कुणी पाठवला, तर पुढे ढकलू नका. त्याच्या भरवशावर गावाकडच्या आईवडिलांचं इन्सुलिन तर मुळीच बंद करू नका.

मग ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांच्या, जुन्या रीतीत दम नाही का? आहे, भरपूर आहे. १९८२ साली वायव्य ऑस्ट्रेलियात, किंबर्लीतल्या डर्बी गावाजवळची दहा मधुमेही ॲबोरिजिनल माणसं सात आठवडे वाडवडिलांच्या मुलखात जाऊन राहिली. सोबत संशोधक केरिन ओ’डे होत्या. दुकान नाही, साखर नाही, मैदा नाही. कांगारू, मासे, रानकंद, रानमध. जे हाती लागेल ते खायचं, आणि ते हाती लागायला पाय झिजवायचे. सात आठवड्यांनी वजन सरासरी आठ किलो उतरलं. उपाशीपोटीची साखर आपल्या भारतातल्या मापात २०९ च्या आसपास होती, ती ११९ वर आली. माणसं दहाच, आठवडे सातच. तेव्हा कायमचा इलाज म्हणू नये. पण यात पुडी कुठे आहे?

हा रोग त्यांच्यात पसरला तो जमिनी गेल्यावर. मिशनऱ्यांच्या वस्त्यांवर आणि गुरांच्या मोठ्या कुरणांवर हाती आलं ते रेशन: मैदा, साखर, चहा. ‘त्यांना संयमच नाही’ असं आपल्या पार्ट्यांत ऐकलंय मी. (फराळाच्या ताटापुढे आपला कितीसा टिकतो?)

जुन्या रीतीत वैद्यही आले. मध्य वाळवंटातले नंगकारी, म्हणजे तिथले परंपरागत वैद्य, हाताने चोळून दुखणं काढतात, मनाचंही. दवाखान्यांत डॉक्टरांच्या बरोबरीनेही ते काम करतात. डॉक्टर-नर्स मंडळींनो, त्या भागात नोकरीला गेलात तर पेशंटला विचारा, नंगकारी हवा का. हो म्हणाला तर निरोप धाडा; गोळ्या चालूच ठेवा.

घाई आहे ती मधुमेहाने किडनी गेलेल्यांची. डायलिसिस आठवड्यातून तीनदा. ते गावात नसेल तर शेकडो किलोमीटरवरच्या ॲलिस स्प्रिंग्जला बिऱ्हाड हलवावं लागतं. नातवंडं सुटतात, मुलूख सुटतो, आणि त्या माणसाला उभं ठेवणारं जे होतं तेच सुटतं. यावर उपाय त्यांनीच काढला. २००० साली पापुन्या तुला या ॲबोरिजिनल कलासंस्थेच्या चित्रकारांनी सिडनीत चित्रांचा लिलाव करून दहा लाख डॉलरच्या वर रक्कम उभी केली. त्यातून आज पर्पल हाउस म्हणून ओळखली जाणारी संस्था उभी राहिली, आणि २००४ मध्ये वाळवंटातल्या किंटोर गावात डायलिसिसचं यंत्र सुरू झालं.

आपल्या खासदाराला पत्र लिहा: डायलिसिस त्यांच्या गावात द्या, ताज्या भाज्या तिथल्या दुकानात परवडतील अशा भावात पोचवा. आणि मंडळाच्या खजिनदारांनो, यंदा पर्पल हाउसचा वाटा बाजूला काढल्याशिवाय गणपतीचा हिशेब मिटवू नका.